गावाच्या पाण्याचा, विजेचा, कचऱ्याचा हिशेब: गोव्यातल्या पंचायतीने मापन कुठून सुरू करावे

‘आमच्या गावाला पाणी पुरत नाही’ असा ठराव ग्रामसभेत घेता येतो, पण तो वाचून पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याला नेमके काय करायचे ते कळत नाही. ‘जानेवारीत मुख्य वाहिनीतून गावात रोज ७५० घनमीटर पाणी आले आणि त्यातले १५० घनमीटर कुठल्याच बिलात दिसत नाही’ असे लिहिले, की काम कुणाचे आणि कुठे, हे त्याच वाक्यात ठरून जाते. असे वाक्य लिहिता यावे यासाठी हा लेख आहे. नवे पंच, पंचायत सचिव, जैवविविधता व्यवस्थापन समितीचे सदस्य, प्रकल्प शोधणारे कॉलेजचे विद्यार्थी, कुणालाही हे वर्षभरात जमण्यासारखे आहे.

सामान फार लागत नाही: २० लिटरची बादली, मोबाइलमधले स्टॉपवॉच, ३० मीटरचा टेप आणि त्याला बांधायला वजन, टांगता काटा, २०० लिटरचे पिंप, एक टीडीएस पेन (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे) आणि जाड पुठ्ठ्याची एक वही. संगणकावरचा तक्ता नंतर करा. वही आधी, कारण जागेवर लिहिलेला आकडा आणि तारीख पुढे कुणी विचारले तर दाखवता येते.

मोजायचे म्हणजे नक्की काय

संसाधन कार्यक्षमता म्हणजे एका कामामागे किती साधन खर्च झाले. पाण्याचे लिटर भागिले माणसे, विजेची युनिटे भागिले खोल्या, सिमेंटच्या गोणी भागिले बांधलेले चौरस मीटर. भागाकार शाळेतलाच आहे. कठीण आहे ते खाली काय लिहायचे हे ठरवणे, म्हणजे भाजक. गोव्यात तर सगळा घोटाळा भाजकातच होतो, कारण इथे राहणारी माणसे आणि पाणी वापरणारी माणसे एकच नसतात, आणि जानेवारीतले गाव जुलैत तसे राहत नाही.

दुसरी गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळा: दर माणशी आकडा कधीही एकटा लिहू नका. शेजारी एकूण आकडा हवाच. दर माणशी आकड्यावरून कुणाचा वापर उधळा आहे हे कळते, एकूण आकड्यावरून विहीर टिकेल की नाही हे कळते. धोरणाला दोन्ही लागतात. यातला एकच हाती असला, की ठराव भलत्याच माणसावर जाऊन बसतो.

पायरी १: हद्द आणि वर्ष

हद्द म्हणजे पंचायतीचा नकाशा, इतके सोपे समजू नका. बार्देश तालुक्याला अस्नोड्याच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून पाणी मिळते, त्या प्रकल्पाला तिळारीच्या कालव्याचा मोठा आधार आहे, आणि तिळारीचे धरण आहे सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात. दक्षिणेत साळावली, फोंडा-पणजीकडे खांडेपार नदीवरचे ओपा. वीज तर जवळजवळ सगळीच राज्याबाहेरच्या केंद्रांतून येते. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर तीन रकाने आखा: गावात आले, गावात उपसले, गावाबाहेर गेले. गावातल्या विहिरीवर भरून शेजारच्या गावात गेलेला टँकर तिसऱ्या रकान्यात जातो. तो विसरला तर तुमची विहीर का आटते याचे उत्तर वहीत कुठेच सापडणार नाही.

वर्ष १ जून ते ३१ मे धरा. आर्थिक वर्ष पाण्यासाठी गैरसोयीचे आहे, कारण ते उन्हाळ्याचे दोन तुकडे करते: मार्च एका वर्षात, एप्रिल-मे दुसऱ्या वर्षात. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्या पावसाचा हिशेब पुढच्या मे महिन्यात पुरा होतो.

पायरी २: माणसे मोजा

२०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख होती. पर्यटन खात्याच्या आकड्यानुसार २०२४ मध्ये १ कोटी ४ लाख पर्यटक आले. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘पर्यटक स्थानिकांच्या सातपट’ असे लिहिलेले बऱ्याचदा वाचायला मिळते. ते चुकीचे आहे, कारण स्थानिक माणूस वर्षाचे ३६५ दिवस पाणी वापरतो आणि पर्यटक चार-पाच दिवस. समजा सरासरी मुक्काम ४ रात्रींचा. मग १.०४ कोटी गुणिले ४ म्हणजे ४.१६ कोटी मुक्कामरात्री. त्याला ३६५ ने भागले की रोजची सुमारे १.१४ लाख माणसे. राज्याच्या लोकसंख्येच्या जेमतेम ८ टक्के. पण ही माणसे सत्तरी-सांगे या आतल्या तालुक्यांत पसरलेली नाहीत, किनाऱ्यावरच्या थोड्या पंचायतींत दाटलेली आहेत. म्हणून राज्याची सरासरी तुमच्या गावाला लावू नका, आपले गाव आपणच मोजा.

भाजकाचे एकक हेच ठेवा: मुक्कामरात्र. एक माणूस, एक रात्र. कायम रहिवासी म्हणजे महिन्याला ३० मुक्कामरात्री. लॉजिंगसाठी खोल्यांची संख्या पर्यटन खात्याच्या नोंदणीतून मिळते, कारण १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली हॉटेले आणि गेस्ट हाउस नोंदवावी लागतात. नोंदणी नसलेली घरे स्वतः फिरून मोजावी लागतील. भरणा किती, म्हणजे किती खोल्या भरलेल्या, हे मालक सहसा सांगत नाही. त्यावर एक चांगला मार्ग आहे: धुवायला गेलेल्या चादरी. लाँड्रीवाल्याकडे महिन्याच्या चादरींचा आकडा असतो आणि तो वाढवून सांगण्यात त्याचा फायदा नसतो. चादर किती दिवसांनी बदलतात ते विचारून घ्या, आणि खोल्या गुणिले दिवस यांच्याशी ताडून बघा.

आकडे मागताना सुरुवातीलाच सांगा की कुणाचेही नाव प्रसिद्ध होणार नाही, वाड्याप्रमाणे (वस्तीप्रमाणे) बेरीज दिली जाईल. आणि हा शब्द पाळा. एकाचे नाव बाहेर फुटले की पुढच्या वर्षी कुणीही दार उघडणार नाही.

पायरी ३: पाणी

इथे सर्वांत जास्त वेळ द्या.

नळाच्या मीटरवर काळे आकडे घनमीटर दाखवतात आणि लाल आकडे किंवा लाल काटे लिटर. १ घनमीटर म्हणजे १,००० लिटर. दर महिन्याला त्याच तारखेला, त्याच वेळेला वाचा. बिले वापरणार असाल तर प्रत्येक बिलाचे दिवस मोजा. ३४ दिवसांचे बिल आणि २८ दिवसांचे बिल एकाच महिन्याचे समजून बेरीज केली, की गळती नसताना गळती दिसते. ‘सरासरी’ म्हणून आलेले बिल म्हणजे बहुधा मीटर बंद आहे, तो आकडा मापनात धरू नका. अशी बिले किती आहेत याची मात्र वेगळी नोंद ठेवा, ती स्वतःच एक माहिती आहे.

मीटरही चुकतो, आणि दोन्ही बाजूंनी चुकतो. दिवसातून दोन-तीन तासच पाणी येत असेल तर वाहिनीत हवा भरलेली असते. पाणी सुटताच ती हवा पुढे रेटली जाते आणि मीटर भर्रकन फिरतो. उलट, जमिनीखालची टाकी जवळपास भरली की बॉल कॉकमधून पाणी बारीक धारेने येते, ती धार मीटरचे चक्र फिरवण्याइतकी नसते, आणि ते पाणी मोजलेच जात नाही. म्हणून प्रत्येक वाड्यातली चार-पाच घरे निवडा आणि मीटर टाकीशी ताडून बघा. १ मीटर व्यासाच्या गोल टाकीत पातळी १० सेंटिमीटर वाढली म्हणजे सुमारे ७८ लिटर पाणी आले. मीटरने तेवढ्यात ९५ दाखवले असेल तर त्या वाड्याचे सगळेच आकडे जपून वापरावे लागतील.

मीटर नसलेल्या नळाला बादली लावा. बादलीवर २० लिटर लिहिलेले असले तरी एक लिटरच्या बाटलीने भरून आधी खूण करून घ्या, काठोकाठ आणि खुणेपर्यंत यांत लिटर-दीड लिटरचा फरक पडतो. खुणेपर्यंत भरायला १०० सेकंद लागले तर मिनिटाला १२ लिटर. ठिबकणारा नळ सेकंदाला एक थेंब टाकत असेल तर दिवसाला चारेक लिटर जातात. खरी गळती सहसा नळाला नसते, शौचालयाच्या टाकीत आणि ओसंडून वाहणाऱ्या टाकीच्या नळीत असते. रात्री सगळे नळ बंद करून मीटर वाचा, पहाटे कुणी उठायच्या आत परत वाचा. मधला फरक म्हणजे गळती.

टँकर मोजायला गावात शिरणाऱ्या रस्त्यांवर सलग सात दिवस माणूस बसवा. शनिवार-रविवार धरूनच, कारण आठवड्याचा अर्धा खेळ तिथे असतो. आत आला की बाहेर गेला, भरलेला की रिकामा, आणि पाणी कुठल्या विहिरीचे, एवढे लिहा. टाकीवर लिहिलेली क्षमता आणि खरी क्षमता यांत फरक असू शकतो. एखादा टँकर भरताना वेळ लावा आणि पंपाचा प्रवाह बादलीने मोजून गुणाकार करा. २००२ च्या भूजल नियमन कायद्याखाली विहिरींची नोंद आणि उपशाचे नियमन जलस्रोत खात्याकडे आहे, तेव्हा नोंदणीची माहिती तिथे मागा. माहिती अधिकारात अर्ज केल्यास उत्तराची मुदत ३० दिवसांची असते, म्हणून अर्ज मापन सुरू होण्याआधीच टाका.

विहीर मोजताना वजन बांधलेला टेप सोडा, पाण्याला लागल्याचा आवाज ऐका, आकडा वाचा, आणि कठड्याची उंची त्यातून वजा करा. ही वजाबाकी विसरणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. पहाटे, पंप सुरू होण्याआधी मोजा, नाहीतर तुम्ही विहिरीचे पाणी नव्हे, शेजाऱ्याची मोटार मोजाल. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत पातळी १ मीटर उतरली म्हणजे सुमारे ७,००० लिटर कमी झाले. जांभ्या दगडाच्या भागात पाणी लवकर चढते आणि लवकर उतरते, म्हणून महिन्याला एकदा मोजणे भाग आहे. केंद्रीय भूजल मंडळ आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते, तेवढ्याने तुमच्या वाड्याचे काम भागणार नाही. किनाऱ्याजवळ आणि खाजनांच्या (भरतीच्या पाण्याला बांध घालून केलेल्या शेतजमिनींच्या) काठी त्याच वेळी टीडीएसही लिहा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. मार्चपासून आकडा दर महिन्याला चढत असेल तर खारे पाणी आत सरकत असल्याची शक्यता आहे, आणि खारी झालेली विहीर गोडी व्हायला कधीकधी कैक पावसाळे लागतात. ही एकच गोष्ट अशी आहे की जिच्यासाठी वर्ष संपायची वाट बघू नये, लगेच सरपंचांना कळवावी.

आता हे सगळे एकत्र कसे वाचायचे ते एका काल्पनिक गावावरून बघू. रहिवासी ५,०००, लॉजिंगचे बेड १,२००, जानेवारीत भरणा ७५ टक्के, म्हणजे रोज ९०० पाहुणे. वाहिनीतून रोज ७५० घनमीटर येते. त्यातले घरगुती बिलांत ५००, व्यावसायिक बिलांत १००, आणि १५० कुठेच नाही. शिवाय लॉजिंगवाले टँकरने २०० आणि स्वतःच्या विहिरींतून ६० घनमीटर घेतात.

घाईत केलेला हिशेब असा होतो: ७५० भागिले ५,०००, दर माणशी १५० लिटर. शहरांसाठी केंद्राचा मापदंड १३५ लिटरचा, ग्रामीण नळयोजनेचा ५५ लिटरचा. निष्कर्ष: गावकरी उधळे आहेत, जनजागृतीचे फलक लावा. नीट केलेला हिशेब वेगळेच सांगतो. रहिवासी ५०० भागिले ५,०००, म्हणजे १०० लिटर. लॉजिंग १००, २०० आणि ६० मिळून ३६० घनमीटर, भागिले ९००, म्हणजे दर मुक्कामरात्री ४०० लिटर. आणि वाहिनीत आलेल्या पाण्यातला पाचवा हिस्सा बेपत्ता. फलक लावून यातले काहीच बदलणार नाही. बेपत्ता १५० घनमीटरमध्ये फुटलेली वाहिनी असेल, मंद मीटर असतील, चोरून घेतलेली जोडणीही असेल. ते शोधायचे काम खात्याचे, पण वाड्यावाड्यांत विभागून आकडा देणे पंचायतीला जमते.

त्याच गावात जुलैत भरणा २५ टक्क्यांवर येतो, ३०० पाहुणे, आणि लॉजिंगचा वापर १५० घनमीटर. दर मुक्कामरात्र ५०० लिटर! पावसाळी पाहुणा जास्त आंघोळ करतो असे नाही. ९०० आणि ३०० मधला फरक ६०० पाहुणे, वापरातला फरक २१० घनमीटर, म्हणजे एका जादा पाहुण्यामागे ३५० लिटर. ३०० पाहुण्यांचे १०५ घनमीटर झाले, मग उरलेले ४५ घनमीटर कुणाचे? ते रोज, खोल्या रिकाम्या असतानाही जाणारे पाणी आहे: तरणतलाव, कर्मचारी, साफसफाई, गळक्या टाक्या. दोन महिन्यांवरून हे ठामपणे म्हणू नका, बारा महिन्यांचे बारा ठिपके आलेखावर टाका, आडव्या रेषेवर पाहुणे, उभ्या रेषेवर पाणी. ठिपक्यांतून सरळ रेषा ओढली की ती उभ्या अक्षाला जिथे छेदते तो स्थिर वापर. आमच्या मते या सगळ्या उठाठेवीत सर्वांत मोलाचा आकडा हाच आहे, कारण तो कमी करायला एकाही पाहुण्याला त्रास द्यावा लागत नाही.

आणि पुढच्या वर्षी काय होऊ शकते तेही बघा. बेड १,५०० झाले, भरणा तोच, म्हणजे १,१२५ पाहुणे. लॉजिंगने चांगले काम केले आणि वापर दर मुक्कामरात्री ४०० वरून ३५० वर आणला. साडेबारा टक्के सुधारणा, खरोखर कौतुक करण्यासारखी. पण एकूण झाले ३९४ घनमीटर, आधीच्या ३६० पेक्षा ९ टक्के जास्त. म्हणून नव्या बांधकामाला परवाना देताना दर माणशी आकडा पुरत नाही, मे महिन्यातली विहिरीची पातळी समोर लागते.

पायरी ४: वीज

पाण्यापेक्षा सोपे, कारण बिले नियमित असतात. तीन ठिकाणी मात्र हमखास चूक होते. मोठ्या जोडण्यांचे मीटर सीटीवर (वीजप्रवाह ठरावीक पटीने कमी करून मीटरला देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) चालतात, तिथे मीटरवरचा आकडा बिलात दिलेल्या गुणकाने गुणावा लागतो, नाहीतर मोठे हॉटेल छोट्या घरासारखे दिसते. छतावर सौर पॅनेल असतील तर बिलात फक्त ग्रिडमधून घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज दिसते. दिवसा जागेवरच वापरलेली सौर वीज दिसत नाही, ती इन्व्हर्टरवर वाचा. नाहीतर वापर तेवढाच असून बचत झाल्याचा भास होतो. आणि जनरेटरचे डिझेल लिटरमध्ये लिहा. बऱ्यापैकी भार असताना एका लिटरमागे तीनेक युनिटे मिळतात, कमी भारावर त्याहून कमी.

रस्त्यावरचे दिवे पंचायतीच्या डोळ्यांसमोर असतात, सराव तिथेच करा. ३० वॅटचे १०० दिवे, रोज १२ तास: वर्षाला १३,१४० युनिटे. बिल याहून बरेच जास्त येत असेल तर दिवसाही जळणारे दिवे किंवा जुने दिवे शोधा. कार्बनमध्ये सांगायचे झाल्यास देशाच्या ग्रिडची सरासरी युनिटला साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा, म्हणजे हे दिवे वर्षाला नऊ टनांच्या आसपास. डिझेलला लिटरमागे २.७ किलो. तुलना नेहमी मेची मेशी करा, मेची डिसेंबरशी नको. एसीचा वापर उकाड्यावर हलतो, सवयीवर नाही.

पायरी ५: कचरा

वर्षातून तीनदा, सलग सात दिवस वजन करा: पर्यटनाचा भर असताना, मेमध्ये आणि ऐन पावसात. चतुर्थीचा आठवडा स्वतंत्र मोजा. तो सरासरीत मिसळला की आकडा फुगतो, आणि वगळला तर निर्माल्य व सजावटीची सोय करायला आधारच उरत नाही. गाडी रिकामी आणि भरलेली अशी दोन वजने हवीत. वजनकाटा जवळ नसेल तर पिंप वापरा: २०० लिटरचे पिंप काठोकाठ भरा, ३० सेंटिमीटर उचलून तीनदा आपटा, दबून झालेली जागा परत भरा, मग वजन करा. यातून दर घनमीटर किती किलो हे कळते आणि गाडीच्या आकारमानाला ते लावता येते.

कचऱ्यात काय आहे हे कळायला १०० किलोंचा नमुना पुरतो, पण तो ढिगाच्या वरून उचलायचा नाही. सगळा कचरा ताडपत्रीवर पसरून मिसळा, गोल ढीग करा, चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन काढून टाका, उरलेले दोन परत मिसळा. १०० किलोंवर येईपर्यंत हेच करा. हातमोजे आणि गमबूट लागतातच, आणि वैद्यकीय कचरा किंवा सुई दिसली की थांबा. पावसात भिजलेला पुठ्ठा कोरड्यापेक्षा कितीतरी जड भरतो, म्हणून ऑगस्टमधले ‘सुक्या’ कचऱ्याचे वजन जानेवारीशी थेट जुळवू नका. किनाऱ्यावरची शहाळी वेगळी तोला. ती ओल्या कचऱ्यात धरली जातात, पण कंपोस्टच्या खड्ड्यात महिनोन्‌महिने तशीच राहतात, आणि वजनात मात्र मोठा वाटा उचलतात.

सर्वांत जास्त फसवणूक ‘पुनर्वापर किती टक्के’ या आकड्यात होते, बहुतेक वेळा नकळत. समजा १,००० किलो कचरा गोळा झाला, ३५० किलो सुका म्हणून शेडमध्ये गेला. अहवालात ३५ टक्के लिहिले जाते. पण शेडमधून खरेदीदाराने उचलले १८० किलोच, १७० किलो मळका, मिश्र, नको असलेला म्हणून उरला. खरा आकडा १८ टक्के. नेहमी दारातून बाहेर गेलेले, पावती असलेले वजन धरा. साळगाव किंवा काकोडा येथील कचरा प्रक्रिया प्रकल्पात जाणाऱ्या कचऱ्याचे वजन तिथल्या काट्यावर होते, त्या चिठ्ठ्या जपून लावा. आणि भंगारवाल्याला विसरू नका. काचेच्या बाटल्या, पत्रा, तांबे तो पंचायतीच्या गाडीआधीच नेतो. तो तुमच्या गावाचे काम फुकट करतो आहे, त्याचे किलो त्याच्या नावे लिहिले पाहिजेत.

बांधकाम साहित्याबद्दल एवढेच: परवान्यातून चौरस मीटर मिळतात, कंत्राटदाराकडून सिमेंटच्या ५० किलोंच्या गोण्या, चिरे आणि रेतीचे ट्रक. पाच-सहा घरांचे असे हिशेब जमले की दर चौरस मीटरचा अंदाज येतो. पाडकामाचा राडारोडा कुठल्या शेतात किंवा पाणथळीत गेला हे लिहिणे त्याहून महत्त्वाचे.

राज्याचा आकडा वाचताना

पंचायतीबाहेर हाच हिशेब देशांसाठी होतो. तिथे वापरलेला माल म्हणजे देशात काढलेला माल अधिक आयात वजा निर्यात, आणि उत्पन्नाला त्याने भागले की संसाधन उत्पादकता. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत ८.४ आणि १२.२ या लक्ष्यांसाठी हा निर्देशांक आहे. भारतात नीती आयोगाने २०१७ मध्ये संसाधन कार्यक्षमतेची रणनीती मांडली आणि २०१९ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने राष्ट्रीय धोरणाचा मसुदा काढला.

हा निर्देशांक काय पाहतो आणि काय पाहत नाही, हे गोव्याइतके स्पष्ट क्वचितच दिसेल. इथले लोहखनिज जवळजवळ सगळे निर्यात होत होते. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली, २०१८ मध्ये ८८ लीज रद्द होऊन परत बंद झाल्या. आता गणित करा. काढलेला माल बेरजेत येतो, निर्यात वजा होते, म्हणजे खनिज हिशेबातून जवळपास नाहीसे होते. उत्पन्न मात्र मोजले जाते. खाणी बंद झाल्यावर उत्पन्न घटले, ‘वापरलेला माल’ फारसा हलला नाही, आणि कागदावर कार्यक्षमता घसरली. भाजकात फक्त काढलेला माल धरला, तर त्याच घटनेने कार्यक्षमता उसळी घेते. घटना एक, निवाडे दोन, आणि दोन्हींत खनिजाच्या टनामागे उपसलेली, डंपवर टाकलेली, पावसात शेतात उतरलेली माती कुठेच नाही, कारण ती ‘न वापरलेला उपसा’ म्हणून हिशेबाबाहेर राहते. म्हणून राज्याच्या अहवालात कार्यक्षमता वाढल्याचे वाचले, की भाजकात काय होते आणि काय नव्हते, हे आधी विचारा. शिवाय राज्यांच्या सीमेवर कस्टम नसते, कर्नाटक-महाराष्ट्रातून ट्रकने आलेला माल पूर्ण मोजला जात नाही, त्यामुळे राज्यपातळीचा आकडा देशाच्या आकड्यापेक्षा कच्चा असतो.

आकड्यापासून ठरावापर्यंत

आधी चूक किती असू शकते ते लिहा. लॉजिंगच्या एकूण पाण्याची मोजणी दोन वेगवेगळ्या आठवड्यांत केली आणि १० टक्के फरक आला, तर ३६० घनमीटर म्हणजे ३२४ ते ३९६ मधले काहीही. पुढच्या वर्षी ३४० आले म्हणून बचत झाली असे जाहीर करू नका. टीका करणारा पहिला माणूस नेमके हेच पकडेल, आणि त्याचे बरोबर असेल.

मग प्रत्येक आकड्यासमोर अधिकार कुणाचा ते लिहा. बेपत्ता पाणी पाणीपुरवठा खात्याचे. विहिरींचा उपसा जलस्रोत खात्याचा. बांधकाम परवाना पंचायतीचा. ज्याचा अधिकार नाही त्याच्याकडे मागणी गेली की फाइल वर्षभर फिरते. ठरावाचा मसुदा असा ठेवता येईल:

‘जून ते मे या पायाभूत वर्षात गावात आलेल्या नळाच्या पाण्यापैकी सरासरी २० टक्के पाणी बिलांत आढळले नाही. सोबत वाडानिहाय तक्ता जोडला आहे. खात्याने सर्वाधिक तफावत असलेल्या दोन वाड्यांच्या वाहिन्यांवर मीटर बसवून तपासणी करावी. १० हून अधिक खोल्यांच्या नव्या लॉजिंग प्रकल्पांच्या अर्जासोबत पाण्याचा स्रोत, दर मुक्कामरात्री अपेक्षित वापर आणि एकूण वापर, तिन्ही जोडणे पंचायत आवश्यक करीत आहे. पंचायत पुढील ३१ मे रोजी निवडलेल्या विहिरींची पातळी मोजून ग्रामसभेपुढे ठेवील.’

शेवटच्या अटी गावाप्रमाणे बदला, आणि ठराव घेण्याआधी पंचायतीच्या अधिकारात काय बसते ते गटविकास कार्यालयात विचारून घ्या. तक्ता मात्र जोडलाच पाहिजे, आणि तोही एका पानाचा. दहा पाने कुणी उलटत नाही.

वहीत मागच्या पानावर प्रत्येक मीटरचा क्रमांक, प्रत्येक निवडलेल्या विहिरीचा वाडा आणि व्यास, बादलीवरची खूण कुठे केली, टँकर मोजायला माणूस कुठल्या वळणावर बसला होता, हे लिहून ठेवा. विहिरीच्या कठड्यावर टेप जिथे टेकवला तिथे तेलरंगाने आडवी रेघ मारा आणि जमिनीपासून तिची उंची वहीत नोंदवा. सचिव बदलतात, पंच बदलतात. पुढच्या मे महिन्यात नवा माणूस टेप घेऊन येईल, तेव्हा त्यालाही त्याच रेघेवरून मोजता आले पाहिजे.